आठ दिवसांत किती चीन?

या वेळच्या टपालात चीनविषयीची पत्रं बरीच आली. ऑक्टोबर 2025 पासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाली, त्याचाच हा परिणाम असावा. त्यातली काही पत्रं इथे घेते.

प्रश्न: आम्ही दोघं बँकेतून निवृत्त, बडोद्याला रावपुऱ्यात राहतो. टूरवाल्याने आठ दिवसांत बीजिंग, शीआन, शांघाय, हांगचौ आणि गुइलिन असा कार्यक्रम आखून दिला आहे. इतिहासाची आवड आहे, चालायची सवय आहे. हा कार्यक्रम घ्यावा का?

काका, नको. आठ दिवसांत पाच शहरं म्हणजे निम्मा वेळ सामान भरण्यात आणि उरलेल्यातला निम्मा रेशमाच्या दुकानात, जिथे तुम्हाला चहा पाजून बसवून ठेवतात. दोनच शहरं घ्या, बीजिंग आणि शीआन. मध्ये वेगवान रेल्वे आहे, साधारण पाच-सहा तासांत पोचवते, आणि खिडकीतून गव्हाची शेतं फुकट बघायला मिळतात.

बीजिंगचा राजवाडा 1406 ते 1420 या काळात मिंग सम्राट योंगलने बांधवला. 1925 पासून तो संग्रहालय म्हणून सर्वांना खुला आहे. तिकीट दारात मिळेल या भरवशावर राहू नका. पासपोर्टच्या नावाने आधी आरक्षण करावं लागतं, ते सात दिवस आधी उघडतं आणि गर्दीच्या दिवसांत बघता बघता संपतं. सोमवारी बंद, हे टूरवाल्यालाही एकदा विचारून घ्या. आत दक्षिणेच्या दारातून जायचं आणि उत्तरेच्या दारातून बाहेर पडायचं. बाहेर पडलात की समोरच चिंगशानची टेकडी आहे. काकू दमल्या असतील तरी तेवढी चढाच. राजवाड्याची पिवळी छपरं रांगेने कशी लागली आहेत ते आत फिरताना कळत नाही, वरून कळतं. चीनची भिंत बघायची तर बादालिंगऐवजी मुत्यान्यूला जा. गर्दी तुलनेने कमी, वर जायला रोप-वे आहे, आणि तटावर उजवीकडे-डावीकडे हवं तेवढं चालता येतं.

पण माझं मन विचाराल तर शीआनला जास्त दिवस द्या. ह्युएन त्संग शाळेत आपण सगळ्यांनीच वाचला. हा माणूस आपल्या महाराष्ट्रातून नर्मदा ओलांडून भरूचला आला होता. तिथले लोक समुद्राचं पाणी आटवून मीठ काढतात, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे वलभीलाही गेला. तिथल्या श्रीमंत घरांची मोजदाद त्याने केली, तशी विहारांचीही केली. हा माणूस 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन छांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला, परतला आणि मरेपर्यंत भाषांतरं करत बसला. ते ग्रंथ ठेवायला 652 मध्ये जो मनोरा उभारला, तो ‘मोठ्या रानहंसाचा मनोरा’ आजही उभा आहे. सात मजले, चौसष्ट मीटर उंच, आत जिना आहे. पुढच्या चौकात त्याचा पुतळा आहे, हातात दंड घेतलेला. मी तिथे साडी नेसून उभी होते तेव्हा दोन आजीबाईंनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. तुम्हालाही उभं करतील, नाही म्हणू नका.

मातीच्या सैनिकांचं सांगायला हवं, पण थोडक्यात सांगते. 1974 मध्ये शेतकरी विहीर खणत होते तेव्हा सापडलेलं हे सैन्य शहरापासून दूर, लिंतोंगला आहे. खड्डा नंबर एक सगळ्यात मोठा, म्हणून सगळे आधी तिथे धावतात. तुम्ही आधी तीन आणि दोन बघा, मग एकमध्ये जा. उलट गेलात तर बाकीचे दोन फिके वाटतात. ज्याच्या राखणीला हे सैन्य पुरलं, त्या चीनच्या पहिल्या सम्राटाची मुख्य कबर अजून उघडलेली नाही. मूर्ती एके काळी रंगवलेल्या होत्या. माती बाजूला झाली की रंगाखालची लाख कोरडी पडून काही मिनिटांत सुटते, म्हणून घाई करत नाहीत. स्टेशनबाहेर ‘खास बस’ म्हणून बोलावणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. ते भलत्याच ठिकाणी, नकली पुतळ्यांच्या प्रदर्शनात नेऊन सोडतात.

एक दुपार शहराच्या तटावर काढा. मिंगकाळातला हा तट 13.7 किलोमीटरचा आहे, वर सायकली भाड्याने मिळतात. माझे गुडघे तिसऱ्या बुरुजाशी बोलू लागले, तुमची चालायची सवय कामाला येईल.

तारखा बघून घ्या. 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा, मे महिन्याची सुरुवात आणि त्यांचं नवं वर्ष, या तीन वेळा टाळा. तेव्हा अख्खा चीनच चीन बघायला निघालेला असतो.

प्रश्न: मी आपल्या बडोद्याच्या विद्यापीठाच्या ललित कला विभागात चित्रकला शिकते. तुनह्वांगची लेणी बघायची आहेत. आत बसून रेखाटनं करता येतील का? फोटो?

फोटो अजिबात नाही. आणि आत बसून रेखाटत राहण्याएवढा वेळ मिळत नाही. सगळं गाइडबरोबर, ठरल्या गटात आणि गाइडच्याच विजेरीच्या उजेडात. मोकाओच्या या लेण्यांना 366 मध्ये सुरुवात झाली, रंगवलेली आणि मूर्तींची 492 आहेत. पण नेहमीच्या तिकिटात आठच दाखवतात आणि कुठली आठ, हे गाइडच्या हाती असतं. यावर तू रागावशील, पण माणसांच्या श्वासातल्या ओलाव्याने रंग उतरतात. अजिंठ्याच्या लेण्यांत माणसं मोजून सोडतात, त्याचं कारणही हेच. आधी बाहेरच्या केंद्रात चित्रफीत दाखवतात, ती चुकवू नकोस. तिथे लेण्यांचे बारकावे इतके जवळून दिसतात की विजेरीच्या उजेडात दिसणं शक्य नाही. वही तिथे उघड.

सतरा नंबरची खोली छोटी आहे, पण ती दाखवतात का हे जरूर विचार. 1900 मध्ये वांग युआनलू नावाच्या ताओपंथी साधूला तिथे हजारो हस्तलिखितांचा भिंतीआड साठा सापडला. 1907 मध्ये ब्रिटिश संशोधक ऑरेल स्टाइनने त्यातला मोठा भाग अगदी थोड्या पैशात नेला. 868 मध्ये छापलेलं वज्रच्छेदिका सूत्र, तारीख छापलेलं जगातलं सर्वांत जुनं पूर्ण छापील पुस्तक, त्यामुळे आज लंडनमध्ये आहे. चिनी गाइड हा भाग सांगताना आवाज चढवतात. मला ते योग्यच वाटतं.

निघण्यापूर्वी एक कर. विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने शामळाजीजवळ देवनी मोरीचा स्तूप खणला होता, त्यातला अस्थिकरंडक त्यांच्याकडेच आहे. परवानगी काढून बघ. मग तुनह्वांगच्या भिंतींवरचे स्तूप परके वाटणार नाहीत.

प्रश्न: आमच्या घरी कांदा-लसूणही नाही. आईला (वय 68) नेलं तर उपाशी राहील का?

राहणार नाही, पण नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. पालेभाजीत कोंबडीचं पाणी किंवा कालवाचं सॉस असतं, तोफूवर खिमा भुरभुरलेला असतो. मोठ्या बौद्ध मंदिरांजवळ शुद्ध शाकाहारी भोजनालयं असतात. तिथे कांदा-लसूणही नसतो, कारण भिक्षूंनाही तो वर्ज्य. ती शोधून त्यांच्या जवळच मुक्काम करा. ‘वो ची सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी खाते’, एवढं आईकडून घोकून घ्या. बाकी थेपले, खाखरे आणि मांडवीतला लीलो चेवडो बॅगेत असू द्या. ताजी फळं, भाज्या आणि दूध-लोणी मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

प्रश्न: पैसे कसे द्यायचे? आणि व्हिसा लागत नाही असं व्हिडिओत बघितलं, खरं का?

ते व्हिडिओ दुसऱ्या देशांच्या पासपोर्टवाल्यांचे. आपल्याला व्हिसा आधीच काढावा लागतो, तिबेटला जायचं तर वेगळा परवानाही. पैशांसाठी अलीपे आणि वीचॅट ही तिथली फोनवरची अॅप्स घरूनच बसवा, आपलं परदेशात चालणारं कार्ड जोडून ओळख पडताळून घ्या. थोडी रोख रक्कम जवळ असू द्या. गूगल, व्हॉट्सअॅप तिथल्या वायफायवर चालत नाहीत, भारतीय सिमचं रोमिंग घेतलं तर चालतात.

प्रश्न: माझं माहेर सोलापूर. डॉ. कोटणीसांची समाधी बघता येईल का?

जरूर. ती शिच्याच्वांगला, बीजिंगच्या दक्षिणेला, हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. वेगवान गाडीने सकाळी निघालात तर संध्याकाळी बीजिंगला परत येता. 1938 मध्ये भारतातून गेलेल्या डॉक्टरांच्या पथकातला हा सोलापूरचा मुलगा, 9 डिसेंबर 1942 ला चीनमध्येच गेला. वय अवघं बत्तीस. त्याच आवारात कॅनडाच्या डॉ. बेथ्यूनचीही समाधी आहे. फुलं नेणार असाल तर शहरातूनच घेऊन जा आणि पासपोर्ट बरोबर ठेवा, रेल्वेत तिकिटाची पडताळणी त्यावरच होते. ताई, परतल्यावर तिथे काय बघितलंत ते मला कळवा, पुढच्या अंकात छापू.