सोसायटीतल्या वठलेल्या आंब्याच्या ओंडक्यावर पांढरी अळंबी आली आहे. ही धिंगरी (ऑयस्टर मशरूम) आहे का? खाता येईल का? (ठाणे, घोडबंदर रोड)

तुम्ही पाठवलेल्या फोटोत फक्त छत्रीची वरची बाजू दिसतेय, आणि धिंगरी ओळखायची ती खालून. एक गुच्छ सुरीने बुडापासून कापून उलटा करा. छत्रीखालच्या पातळ पट्ट्या, म्हणजे कल्ले, देठावर खालपर्यंत उतरलेले हवेत. देठ आखूड आणि एका कडेला असतो, कधी जवळजवळ नसतोच. देठाभोवती कडं किंवा बुडाशी पिशवी दिसली तर ती धिंगरी नाही.

एवढं जुळलं तरी बीजाणूंचा, म्हणजे कल्ल्यांतून झडणाऱ्या बारीक भुकटीचा, ठसा घ्याच. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या, देठ काढलेली छत्री कल्ले खाली करून दोन्ही रंगांवर येईल अशी ठेवा आणि वर वाटी पालथी घालून रात्रभर राहू द्या. धिंगरीचा ठसा पांढरा किंवा फिकट जांभळट-राखाडी पडतो. नुसत्या पांढऱ्या कागदावर पांढरा ठसा दिसतच नाही, म्हणून काळा भाग हवा. ठसा तपकिरी आला तर अळंबी टाकून द्या. पावसाळ्यात सडक्या लाकडावर येणारी क्रेपिडोटस नावाची अळंबी अशीच फसवते.

मात्र ओम्फॅलोटस या विषारी गटाचा ठसाही पांढराच असतो आणि कल्लेही देठावर उतरतात. रंगात किंवा मांसात नारिंगी झाक असेल तर खाऊ नका. त्यातल्या काहींचे कल्ले काळोखात मंद हिरवट उजळतात, पण उजेड दिसला नाही म्हणजे अळंबी निर्धोक, असं नाही. चांदीचा चमचा काळा पडतो का, हे बघणं तर पूर्ण निरुपयोगी. त्यावर जीव सोपवू नका.

आता ओंडक्याबद्दल. सोसायटीत वाळवीची फवारणी झाली असेल, खोडाला रंग लावला असेल किंवा शेजारून रहदारीचा रस्ता जात असेल, तर अस्सल धिंगरीही मी खायला सांगणार नाही. अळंबी लाकडातून आणि धुळीतून शिसं, कॅडमियम शोषून घेते. त्यावर पर्याय म्हणून येऊरच्या जंगलात शोधायला जाऊ नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही तोडून आणायला कायद्याने बंदी आहे.

ओंडका स्वच्छ असेल आणि जाणकाराने अळंबी हातात घेऊन खात्री केली असेल, तर पहिल्या वेळी दोन-तीन छत्र्याच नीट शिजवून खा, कच्च्या नकोत. एक कच्ची छत्री कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. उलट्या-जुलाब सुरू झाले, मग ते सहा-बारा तासांनी का असेना, ती छत्री घेऊन लगेच रुग्णालयात जा. उशिरा सुरू होणारा त्रास यकृतावर घाला घालणाऱ्या विषाचा असू शकतो.