घरपट्टी वाढली? आधी क्षेत्रफळ तपासा

आमच्या फ्लॅटला महापालिकेची विशेष नोटीस आली आहे. करपात्र मूल्य वाढवलंय, पण घरात आम्ही एक वीटही हलवलेली नाही. आता काय करायचं? – एक वाचक, धनकवडी, पुणे

सगळ्यात आधी नोटीस हातात पडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि टपालाने आली असेल तर पाकीट जपून ठेवा. हरकतीची मुदत जेमतेम 15 दिवसांची असते आणि ती नोटीस मिळाल्यापासून मोजतात. तारखेवरून वाद झाला तर पाकिटावरचा शिक्का कामी येतो.

‘कर फार वाढवला, कमी करावा’ असा अर्ज करू नका. त्यावर सुनावणीत कोणी काही करू शकत नाही. करपात्र मूल्य, म्हणजे ज्या रकमेवर कर आकारतात ती, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष आणि भाड्याचा दर यांवरून निघतं. यातली कोणती नोंद चुकली ते सांगा. बहुतेक वेळा गफलत क्षेत्रफळात असते. समजा, करारनाम्यात 58 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 624 चौरस फूट आहे आणि नोटिशीत 760. हा आकडा चटईचा (भिंतींच्या आतला), बांधीव (भिंती धरून) की बिल्डरच्या विक्रीचा, हे लेखी विचारा आणि मोजणीपत्रकाची प्रत मागा. बंद केलेली बाल्कनी किंवा सामायिक गच्ची तुमच्या खात्यात धरली गेली असेल तर ते तिथेच दिसतं. करारनामा, मंजूर नकाशा आणि त्याच नकाशाच्या शेजारच्या फ्लॅटचं बिल हरकतीला जोडा. शेजाऱ्याचं बिल हा आमच्या मते सगळ्यात बोलका पुरावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.

निकाल विरोधात गेला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 406 खाली न्यायालयात अपील करता येतं; पुण्यात ते लघुवाद न्यायालयात चालतं. मुदत इथेही 15 दिवसांचीच. आधी हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला हवा आणि वादातली रक्कम महापालिकेकडे भरलेली हवी. ‘कोर्टात गेलोय, आता कशाला भरू’ म्हणणाऱ्यांचं अपील दाखलच करून घेतलं जात नाही, वर थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती (दंड) चढते. तेव्हा पैसे भरा, सोबत ‘हक्क राखून भरत आहे’ असं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

आम्ही स्वतःच राहतो, तरी बिलात 40 टक्के सवलत नाही. – एक वाचक, वारजे, पुणे

1970 पासूनची ही सवलत मधल्या काळात बंद झाली आणि 2023 मध्ये परत मिळाली. पण 1 एप्रिल 2019 नंतर आकारणी झालेल्या, किंवा तपासणीत सवलत काढलेल्या घरांना ती आपोआप लागत नाही. त्यासाठी पीटी-3 अर्ज लागतो. सोबत स्वतः राहत असल्याचं सोसायटीचं पत्र आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट किंवा गॅस कार्ड यांपैकी एखादा पुरावा द्या. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रतही जोडा. फरक लहान नाही. वाजवी वार्षिक भाडं 30,000 रुपये धरलं आणि दुरुस्तीचे 10 टक्के वजा केले तर करपात्र मूल्य 27,000. सवलत लागली की 16,200. फ्लॅट भाड्याने दिलात की मात्र ती जाते.

मुंबईत आमचं घर 520 चौरस फूट आहे. वरच्या 20 फुटांचाच कर भरायचा ना? – एक वाचक, भांडुप

नाही, पूर्ण 520 चा. 1 जानेवारी 2022 पासूनची माफी 500 चौरस फूट (46.45 चौरस मीटर) किंवा त्याहून कमी चटई क्षेत्राच्या निवासी घरांनाच आहे. हे 520 चटई क्षेत्रच आहे का, तेवढं करारनाम्यात बघून घ्या. बांधीव असेल तर चटई क्षेत्र 500 च्या आत येण्याची बरीच शक्यता आहे.

घरपट्टी माझ्या नावावर आहे, म्हणजे घर माझंच ना? – एक वाचक, सासवड

नाही. कराच्या नोंदीवरून कर कोणाकडून घ्यायचा एवढंच ठरतं. मालकीसाठी खरेदीखत किंवा वारसाची कागदपत्रंच लागतात.