पोटावरचा टाका आडवा असला तरी गर्भपिशवीवरचा आडवाच असेल असं धरू नकोस

तुझी पोस्ट दोनदा वाचली. पहिलं बाळ तिसाव्या आठवड्यात बीपी वाढलं म्हणून सिझर करून काढलं, आता दुसऱ्या वेळचा चौथा महिना, या खेपेला नॉर्मल व्हावं अशी इच्छा, नव्या डॉक्टर जुने कागद मागतायत आणि तुझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड. शेवटी तू विचारलंयस, "टाका आडवाच आहे, मग कागदांशिवाय चालेल ना?" अगं, नेमकं हेच वाक्य मी डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून म्हटलं होतं. तेही प्रश्नार्थक नाही, ठामपणे. (वयाने मी मोठी असणार, म्हणून एकेरीत लिहितेय. राग मानू नकोस.)

मी डॉक्टर नाही, बँकेत काउंटरवर बसते. निर्णय तुझ्या डॉक्टरांचाच. बीपी, शुगर, गोळ्या यांबद्दल इथे बऱ्याच जणींनी लिहिलंय, त्यात मी पडत नाही.

माझं पहिलं सिझर अठ्ठाविसाव्या आठवड्यात झालं. पोटावरचा टाका अगदी खाली, आडवा, नीट बसलेला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी विचारलं, "छेद कसा होता?" मी म्हटलं, आडवा. त्यांनी फाइलवर तसं लिहून घेतलं आणि 'ऑपरेशनचा कागद आणा' असंही सांगितलं. मी आडवा म्हटलं ते कातडीबद्दल, त्या विचारत होत्या पिशवीबद्दल. दोन्ही छेद एकाच दिशेचे असतात असं काही नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. माझी सगळ्यात महागडी चूक हीच.

डॉक्टरांनी पुढे मला ते चित्र काढून समजावलं. एरवी पिशवी उलट्या नासपतीसारखी, साधारण साडेसात सेंमी लांब, ५० ते ७० ग्रॅम वजनाची. वर रुंद भाग, खाली तोंड आणि या दोहोंच्या मध्ये जेमतेम अर्धा-एक सेंमीची चिंचोळी पट्टी. सगळी गोम त्या पट्टीत आहे. दिवस राहिले की वरच्या भागातले स्नायू लांब आणि जाड होत जातात, नऊ महिने भरेपर्यंत नुसत्या पिशवीचंच वजन किलोभर होतं. आणि ती पट्टी तिसऱ्या महिन्यानंतर मोज्याचा दुमडलेला काठ उलगडावा तशी उलगडायला लागते. शेवटच्या आठवड्यांत आणि कळांमध्ये तिचीच सात ते दहा सेंमीची पातळ भिंत बनते. नेहमीच्या सिझरमध्ये छेद घेतात तो या भिंतीवर, आडवा. तिथे रक्तस्राव कमी होतो आणि कळांच्या वेळी हा भाग जोर करत नाही, नुसता ताणला जातो, म्हणून टाका चांगला टिकतो.

वरचा भाग वेगळा. तिथले तंतू आडवेतिडवे विणलेले आणि रक्तवाहिन्या त्यांच्या मधून गेलेल्या. बाळंतपणानंतर पिशवी आवळली की त्या वाहिन्या चिमटल्या जातात आणि रक्त थांबतं. सुंदर व्यवस्था आहे, पण टाका तिथे पडला तर पुढच्या खेपेला जोर करणाऱ्या स्नायूतच तो असतो.

आता तुझा तिसावा आठवडा आठव. त्या वेळी खालची भिंत पुरेशी तयार झालेलीच नसण्याची शक्यता असते. मग बाळाला काढायला जागा मिळावी म्हणून कधी कधी पिशवीवर उभा छेद घेऊन तो वरपर्यंत न्यावा लागतो, कातडीवर टाका आडवा असला तरी. तुझ्या बाबतीत तसंच झालं असेल असं मी म्हणत नाही. बऱ्याच जणींना तिसाव्या आठवड्यातही आडवाच छेद मिळतो. पण कागद पाहिल्याशिवाय तुला ते कळणार नाही.

फरक किती? खालच्या आडव्या छेदानंतर कळा घेताना पिशवी फाटण्याचा धोका शंभरात एकीहूनही कमी धरतात. वरच्या उभ्या छेदाला तोच शंभरात चार ते नऊ सांगतात, आणि तिथे कळा सुरू व्हायच्या आधीही फाटू शकते. म्हणून अशा बाईला कळांची वाट बघू देत नाहीत, साधारण ३६-३७ आठवड्यांत ठरवून सिझर करतात.

आता माझं पहिलं सिझर झालं त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमबद्दल. नाव घेणार नाही, जिल्हाही सांगणार नाही. एसटीने तीन तास जायला, तीन तास यायला. पहिल्या खेपेला उत्तर मिळालं, "डिस्चार्ज कार्ड दिलंय ना, तेच रेकॉर्ड." कार्डावर छेदाबद्दल एक अक्षर नव्हतं, नुसतं 'सिझर'. दुसऱ्या खेपेला नवऱ्याला पाठवलं तर पेशंट स्वतः हवी. तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी गेले, तर फाइल गोडाऊनला आणि गोडाऊनची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. जुनी कागदपत्रं शोधून देणं हे माझं रोजचं काम, म्हणून मला जास्त संताप आला. आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीचं व्हाउचरही दोन दिवसांत निघतं!

शेवटी वकील असलेल्या चुलतभावाने मला नियम दाखवला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायचं असतं आणि पेशंटने मागितलं की ७२ तासांत द्यायचं असतं. मी तोवर तोंडीच मागत होते. लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली, आणि फाइल चौथ्या दिवशी 'सापडली'. माझी तीन वर्षं भरायला जेमतेम दोन महिने उरले होते. तुझी किती झालीत ते आज मोज आणि अर्ज याच आठवड्यात दे.

कागदावर इंग्रजीत, तिरक्या अक्षरात दीड ओळ होती. तिचा अर्थ असा की खालचा भाग तयार झालेला नाही, सबब पिशवीवर उभा छेद, वरपर्यंत नेला. मला पस्तिसावा आठवडा होता. नॉर्मलची तयारी म्हणून सासूबाईंबरोबर रोज दोन किलोमीटर चालत होते आणि अधूनमधून पोट कडक व्हायचं त्याला 'सरावाच्या कळा' म्हणून हसत होते. डॉक्टर तो कागद वाचून थोडा वेळ गप्प राहिल्या, मग फाइलवरचा 'आडवा' शब्द खोडला. सदतिसाव्यात सिझर झालं, मुलगी छान आहे.

कागद मिळालाच नाही तर? डॉक्टर मग आठवडे, सिझरचं कारण, बाळ आडवं होतं का वगैरे बघून अंदाज बांधतात. पूर्ण दिवसांचं साधं सिझर असेल तर कागद नसूनही काही ठिकाणी नॉर्मलचा प्रयत्न करू देतात. तुझं तिसाव्यातलं आहे, त्यामुळे त्या जपूनच बोलतील, आणि माझ्या मते बरोबरच करतील. तू पोस्टमध्ये लिहिलेलं मैत्रिणीचं 'नॉर्मल झालं की खरी आई' वगैरे सोडून दे, तिला कुणी विचारलंय?

वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार (प्लॅसेंटा) कुठे बसलीय, जुन्या टाक्यावर तर नाही ना, हे स्पष्ट विचार. आणि टाक्याच्या जागी सतत दुखलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर इथे पोस्ट टाकत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

अजून एक, विषय जरा वेगळा आहे. सोनोग्राफीचे ते चकचकीत फोटो लॅमिनेट करू नकोस. तो कागद उष्णतेने काळा पडतो. माझ्या थोरल्याचा पहिला फोटो मी असाच काळा करून बसलेय. त्यांचे फोनवर फोटो काढ आणि ऑपरेशनच्या कागदाच्या दोन झेरॉक्स, एक माहेरी ठेव.