वाचकांचे प्रश्न : ‘द आईल’ कसा बघावा?

प्रश्न : किम की-दुक यांचा ‘द आईल’ (२०००) हा कोरियन चित्रपट निम्म्यावर बंद केला. पुढे काही आहे, की नुसतीच किळस?

उत्तर : पोलिस आल्यावर नायक गळांचा जुडगा गिळतो, तिथे बहुतेकांचा हात रिमोटकडे जातो. तुमचंही तिथेच अडलं असेल तर या तोडीचं एकच दृश्य पुढे उरलंय, पण ते याहून कठीण आहे. तेव्हा नायिका तेच गळ स्वतःच्या योनीत घालते. दोन्ही ठिकाणी जखम फारशी दिसत नाही. दिसतो तो ताणलेला दोरा, पक्कड आणि चेहरा. बाकीचं आपलं डोकं भरून काढतं, म्हणून ते जास्त झोंबतं. खरंच सहन होत नसेल तर पुढे सरकवा, गोष्ट कळायला अडचण येणार नाही. मात्र त्यानंतरची दोन-तीन मिनिटं सोडू नका. चित्रपटाचा सगळा जीव तिथे आहे.

प्रश्न : तो खुनी, तीही खुनी. याला प्रेमकथा का म्हणायचं?

उत्तर : कारण दोघांनाही दुसऱ्याशिवाय राहता येत नाही. दोघांनाही प्रेम म्हणजे ताबा, एवढंच ठाऊक आहे.

तळ्यावर रंगीबेरंगी तरंगत्या खोल्या आहेत, गळ टाकून बसणारे हौशी लोक त्या भाड्याने घेतात. नायिका होडीतून आमिष, जेवण आणि अधूनमधून स्वतःचं शरीरही विकते. प्रेयसी आणि तिच्या प्रियकराला मारून आलेला नायक तिथे लपतो. तिचा एकही शब्द आपल्या कानावर पडत नाही. त्यामुळे तिचं मन वाचायचं तर तिचे हात बघावे लागतात. तो जीव द्यायला निघतो, तेव्हा ती पाण्याखालून येऊन त्याला टोचते. म्हणजे वाचवते तीही जखम करूनच.

आता गळाकडे या. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो. तो आत सहज जातो, पण बाहेर येताना मांस फाडतो. पटकथा नेमकी याच गुणावर बांधली आहे. नायक गळ गिळतो तेव्हा ती त्याला पाण्यात लपवते आणि पोलिस गेल्यावर दोऱ्याने वर ओढते. पुढे तो तिला सोडून निघतो, ती गळ घालून पाण्यात पडते आणि या वेळी दोऱ्याचं रीळ त्याच्या हातात येतं. जीव वाचवणारी आणि अडकवून ठेवणारी वस्तू एकच. दोघांच्या जागांची अशी अदलाबदल झाल्यावर सुटकेचा प्रश्नच उरत नाही.

तुलनेला मधली दुसरी मुलगी बघा. शहरातून बोलावलेली ती वेश्या नायकावर जीव लावते, त्याच्याकडे मागत काहीच नाही. नायिका तिला बांधून, तोंडाला पट्टी लावून एका खोलीत डांबते आणि ती पाण्यात पडून बुडते. या तळ्यात साध्या प्रेमाला जागा नाही. (प्रेतं सापडतात तीही एका पैसेवाल्याचं महागडं घड्याळ पाण्यात पडल्यामुळे. किम यांचा विनोद हा असा.)

प्रश्न : माशाचं मांस जिवंतपणी कापतात ते खरं आहे का?

उत्तर : हो, ते खरं आहे. त्यामुळे हा आक्षेप दिग्दर्शकाच्या शैलीवर ढकलून मोकळं होता येत नाही. ब्रिटनमध्ये प्राण्यांवरच्या क्रौर्यासह इतर कारणांसाठी १ मिनिट ५० सेकंद कापले गेले. ‘स्प्रिंग, समर, फॉल, विंटर... अँड स्प्रिंग’ (२००३) हा त्यांचाच चित्रपट यानंतर जरूर बघा. तिथेही पाण्यावर तरंगणारं घर आहे, पण मासा, बेडूक आणि साप यांना दगड बांधणाऱ्या मुलाला त्याचा हिशेब आयुष्यभर चुकवावा लागतो.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात दाखवायचा आहे. कोणती प्रत घ्यावी आणि काय सांभाळावं?

उत्तर : अखंड प्रत साधारण ९० मिनिटांची आहे. डिस्क ८६ मिनिटांची दिसली की लगेच कापाकापीचा संशय घेऊ नका. ‘पाल’ (PAL) या युरोपीय व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटी (फ्रेम) धावतात, त्यामुळे काहीही न कापता चित्रपट चार टक्के लवकर संपतो. ब्रिटिश प्रत मात्र त्याहूनही सुमारे दोन मिनिटं आखूड निघते.

सेन्सॉर प्रमाणपत्र नसेल तर सार्वजनिक खेळासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते, ती आधी मिळवा. आत्महत्येचा प्रयत्न, स्वतःला इजा, लैंगिक हिंसा आणि प्राण्यांचा छळ या चारही गोष्टी निमंत्रणातच स्पष्ट लिहा. दाराशी तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. आवाज बेताचा ठेवा. संवाद थोडे असल्यामुळे ऑपरेटर तो वाढवतो आणि मग किंकाळी सभागृह हादरवते.

चर्चेत दिग्दर्शकाचा विषय निघणारच. काही अभिनेत्रींनी २०१८मध्ये त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले होते, त्यांनी ते नाकारले. डिसेंबर २०२०मध्ये लाटव्हियात कोरोनाने त्यांचा मृत्यू झाला. हे सूत्रसंचालकाने खेळ सुरू होण्याआधीच सांगावं, कुणी विचारेपर्यंत थांबू नये.