मुहूर्त टळला म्हणून असं झालं का?

'लग्नाचा मुहूर्त टळला होता, त्यामुळे हे झालं का?' हा प्रश्न समुपदेशनात माझ्याकडे वरचेवर येतो. 'हे' म्हणजे कधी सासऱ्यांचं आजारपण, कधी गेलेली नोकरी. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या बाबतीत तो दहाव्या आठवड्यात गेलेला गर्भ होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

पत्रिकेत मुहूर्त होता 12 वाजून 34 मिनिटांचा, अक्षता पडल्या सव्वा वाजता. गर्भपातानंतर भेटायला आलेल्या आत्येसासूबाई म्हणाल्या, "वेळ साधली नाही की भोगावं लागतं." त्या बोलून गेल्या, हिच्या मनात ते रुतून बसलं. पार्लरमध्ये आपल्याला वेळ लागला होता, म्हणजे दोष आपलाच, हा तिचा हिशेब. पुढे ती मोबाइलवर राहुकाळ, म्हणजे दिवसातली अशुभ मानली जाणारी वेळ, बघून घराबाहेर पडू लागली. सोमवारी तो साधारण साडेसात ते नऊ. बँकेत दर सोमवारी लेटमार्क लागायला लागला, तेव्हा ती माझ्याकडे आली.

ज्योतिष खरं की खोटं, या वादात मी पडत नाही. दुःखात असलेल्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "म्हणाले, होतं असं कधीकधी." हे खरंच आहे, पण त्याने मनाचं समाधान होत नाही, मनाला कारण हवं असतं. म्हणून थोडं सविस्तर सांगितलं. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 10 ते 20 टक्के अशा संपतात. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांमध्येच दोष असतो. नोकरी, स्कूटी, जिने यांच्यावर खापर फोडण्यात अर्थ नसतो.

मग पंचांगाबद्दल बोललो, कारण तिची श्रद्धा खरी होती. बारा राशी दिवसभरात पूर्वेला एकामागून एक उगवतात, प्रत्येकीला सरासरी दोन तास लागतात. विवाहाची वेळ काढताना गुरुजी हे उदयलग्न, म्हणजे त्या वेळी उगवत असलेली रास, पाहतात. मिनिटाची अचूकता तर अलीकडची. पूर्वी घटिकापात्र असे: बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची, ती 24 मिनिटांत बुडायची. "चाळीस मिनिटांनी काय बिघडलं, हे तुमच्या गुरुजींनाच विचारा," मी म्हटलं. (वरातीत बँडपुढे नाचताना त्या 12:34 कडे कुणी बघत नाही. घरात काही वाईट घडलं की मात्र सगळ्यांना तो आकडा तोंडपाठ!)

पुढच्या वेळी नवऱ्याला बरोबर बोलावलं. त्याच्यासमोर तिने पार्लरची गोष्ट पहिल्यांदाच काढली. तो बघतच राहिला. "अगं, तू बाराला तयार होतीस. आम्हीच कार्यालयाच्या दारात नाचत होतो. मामा दोनदा ओरडून गेले."

ती हसली आणि मग खूप रडली. दोष त्याच्याकडे सरकवायचा मोह दोघांनाही झाला असता; तो मी तिथेच अडवला. उशीर कुणामुळेही झाला असता तरी गर्भ त्यामुळे गेला नव्हता. त्याहून मोठी गोष्ट त्या तासात बाहेर आली. तिला आठवण नको म्हणून तो विषय काढत नव्हता, आणि त्याला काहीच वाटलं नाही असं समजून ती गप्प होती. गेलेल्या बाळाबद्दल घरात फक्त आत्येसासूबाई बोलल्या होत्या.

राहुकाळाचं काम हळूहळू केलं. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ भाग करून त्यातला वारानुसार ठरलेला एक भाग म्हणजे राहुकाळ. तो दक्षिणेत जास्त पाळतात, आपल्याकडच्या जुन्या घरांत त्याचं एवढं प्रस्थ नव्हतं. हे ऐकून तिला बरं वाटलं, पण भीती माहितीने जात नाही. म्हणून आठवड्यातून एक दिवस ॲप न बघता निघायचं आणि धास्ती दहापैकी किती, ते लिहायचं. पहिल्या सोमवारी नऊ लिहिलं होतं. दीड महिन्याने तीन.

गुरुजी फोनवर म्हणाले, विधी यथासांग झालेत, मनाला वाटत असेल तर सत्यनारायण करा. त्यांनी केला. मी आडकाठी केली नाही. पूजेने घर एकत्र येत असेल तर चांगलंच. फक्त ती प्रायश्चित्त म्हणून करू नका, एवढं सांगितलं.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर मुहूर्ताचा विषय निघताच वाद घालू नका. नेमकं काय गमावल्याचं दुःख आहे, ते विचारा. गर्भपात पुन्हा झाला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासण्या करून घ्या. वेळ पाहिल्याशिवाय घराबाहेर पडवत नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका.