सागरला आणि सागराला: इंग्रजीतील सामान्यनाम व विशेषनाम

आपला प्रश्न मला असा समजला. सहावीतील मुलीने इंग्रजी निबंधात 'वुई वेंट टू सिद्धेश्वर टेम्पल ऑन संडे' असे लिहिले आणि 'टेम्पल'चा टी कॅपिटल काढला. तो बरोबर ठरला. पुढच्याच ओळीत 'द टेम्पल इज इन अ लेक' येथे तिने पुन्हा कॅपिटल टी काढला, तर त्यावर लाल खूण आली. 'संडे'चा एस लहान काढला, तोही चुकला. एकच शब्द एका ओळीत बरोबर आणि दुसऱ्या ओळीत चूक कसा, हे तिला कसे समजवावे?

सोलापुरात गेली २२ वर्षे मी मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवत आहे. आपल्या देवनागरीत कॅपिटल अक्षर नसल्यामुळे मुले या अक्षरालाच विशेषनाम समजून बसतात. म्हणून सुरुवात अक्षरापासून न करता मराठीपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण हा भेद मुलीच्या कानाला आधीपासून ठाऊक आहे. 'सागरला हाक मार' असे ती म्हणते, पण 'सागराला भरती आली' असे म्हणते. 'प्रकाशचा डबा' आणि 'प्रकाशाचा वेग' यांतही तेच आहे. मुलाचे नाव असले की आजच्या बोलीत शब्द जसाच्या तसा राहतो आणि सामान्यनाम असले की त्याचे सामान्यरूप होते. हे तिला कोणी शिकवलेले नाही. (गावांच्या नावांना मात्र ही कसोटी लावू नये, आपण 'सोलापुरात' आणि 'पुण्याला' असेच म्हणतो.)

आता तिच्या दोन ओळींकडे येऊ. 'विशिष्ट व्यक्तीचे किंवा वस्तूचे नाव ते विशेषनाम' ही व्याख्या मुले पाठ करतात आणि तेथेच अडकतात, कारण दुसऱ्या ओळीतील 'द टेम्पल' हेही विशिष्ट, तळ्यातले तेच मंदिर आहे. मी मुलांना वेगळे विचारतो: या शब्दाचे बारसे झाले आहे का? 'सिद्धेश्वर टेम्पल' हे दोन शब्द मिळून त्या मंदिराचे ठेवलेले नाव झाले, म्हणून दोन्ही शब्दांना कॅपिटल. दुसऱ्या ओळीतील 'टेम्पल' हा गावोगावच्या कोणत्याही मंदिराला लागू पडणारा जातिवाचक शब्द आहे. त्यातून आपले मंदिर दाखवण्याचे काम 'द' करतो, 'टेम्पल' करत नाही. लाल खूण योग्यच होती. 'लेक'चेही तसेच: नुसते तळे लहान अक्षराने, 'सिद्धेश्वर लेक' कॅपिटलने. गाडीने मुंबईला गेलो असे लिहिताना 'ट्रेन' लहान अक्षराने, पण 'सिद्धेश्वर एक्स्प्रेस' लिहिताना 'एक्स्प्रेस'लाही कॅपिटल.

वार आणि महिने इंग्रजीत विशेषनामे मानली जातात. आपला शनिवार जसा शनीच्या नावाचा, तसा त्यांचा सॅटर्डे सॅटर्नच्या नावाचा. ऋतूंची नावे मात्र लहान अक्षराने लिहितात. हे रूढी म्हणून लक्षात ठेवावे. यामागे कठोर तर्क शोधत बसू नये.

कॅपिटल अक्षर हा विशेषनामाचा परिणाम आहे, पुरावा नव्हे, हे तिला जरूर सांगा. 'मी' या अर्थाचा 'आय' नेहमी कॅपिटल असतो, तरी तो सर्वनाम आहे. 'इंडियन फूड' यातील 'इंडियन' कॅपिटलने लिहितात, तरी ते विशेषण आहे. जर्मन भाषेत तर साधे टेबल असो की खुर्ची, प्रत्येक नामाचे पहिले अक्षर कॅपिटल असते.

'द' लागला म्हणजे सामान्यनाम, हाही एक पक्का बसलेला गैरसमज आहे. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगा यांच्या विशेषनामांपूर्वी इंग्रजीत 'द' येतो: 'द भीमा', 'द हिमालयाज'. शहरांच्या नावांपूर्वी सहसा येत नाही, म्हणून 'द सोलापूर' होत नाही. येथे मुलांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण मराठीत 'द'सारखे उपपदच नाही.

निबंधात 'आई' हा शब्द हमखास येतो, म्हणून तेवढे सांगतो. 'माय मदर' यातील 'मदर' लहान अक्षराने. पण 'आय आस्क्ड मदर' येथे कॅपिटलने. त्या जागी आईचे प्रत्यक्ष नाव घालून पाहावे. दुसऱ्या वाक्यात ते सहज बसते, पहिल्यात 'माझी' या शब्दाला अडखळते. जेथे बसते तेथे कॅपिटल.

नाव आणि जात यांची सीमा ओलांडणारे शब्दही असतात, आणि त्यांपैकी एक आपल्या गावात रोज कानावर पडतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या जॅकार्डवर विणली जाते, तो शब्द मुळात जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसाचे आडनाव. त्याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. आज अशा विणीच्या कापडाला इंग्रजीत नुसते 'जॅकार्ड' म्हणतात आणि ते बहुधा लहान अक्षराने लिहितात. विज्ञानाच्या वहीतही हेच दिसेल: शास्त्रज्ञ न्यूटन कॅपिटल एन् ने लिहायचे, बलाचे एकक 'न्यूटन' पूर्ण शब्दात लिहिताना लहान एन् ने, आणि त्या एककाचे चिन्ह मात्र पुन्हा कॅपिटल एन्. या तीन ओळी तिच्याकडून एकाखाली एक लिहून घ्या आणि प्रत्येक ओळीत माणूस कोठे आहे, ते तिलाच विचारा.