गायचं नाही, पण गाण्यातच राहायचंय

"मॅडम, गाणं सोडलं तर शिकलेलं सगळं वाया जाईल. आणि नाही सोडलं तर मीच वाया जाईन."

संगीत शिकलेली मुलं आणि त्यांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा शब्द बदलतात, पण काळजी हीच असते. स्टेजवर नाव झालं नाही, किंवा स्टेज नकोसंच वाटलं, तर या क्षेत्रात पोट भरेल असं दुसरं काही असतं का? नुसतं "असतं हो, भरपूर असतं" म्हणून कुणाचं समाधान होत नाही, म्हणून मुक्ताची हकिगत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला तिची हरकत नाही.

मुक्ता २४ वर्षांची, १४ वर्षं गाणं शिकलेली. आवाज चांगला, यावर कुणाचंच दुमत नव्हतं, तिचंही नव्हतं. वर्षभरात तिने तीन कार्यक्रम ऐन वेळी नाकारले. तिसऱ्या वेळी घसा बसल्याचं खोटं सांगितलं आणि ते खोटं तिला इतकं लागलं की स्वतःच फोन करून वेळ घेतली. सोबत आई होती. बँकेत नोकरी करणारी, मितभाषी बाई. पूर्ण तास पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू कुठल्याही क्षणी उठून जायचंय.

पहिल्याच भेटीत माझी चूक झाली. आईचा चेहरा जरा उजळावा म्हणून निघता निघता मी म्हणाले, "शिकवण्या का नाही घेत? पाया पक्का आहे तुझा." मुक्ताने मान डोलावली, आभार मानले आणि पुढच्या भेटीला आलीच नाही. तीन आठवड्यांनी उगवली तेव्हा म्हणाली, "तुम्हीपण मला मागच्या दाराने बाहेर काढलंत." बरोबर होतं तिचं. शिकवणं हे स्वतंत्र काम आहे, त्याची ओढ असावी लागते. न जमलेल्या गाण्याची भरपाई म्हणून ते कुणाच्या गळ्यात मारलं की शिक्षकही नाराज आणि शिष्यही कोरडे.

मग आधी भीती आणि नावड यांची गाठ सोडवायला घेतली. ही पायरी घरोघरी गाळली जाते. "तिला नाही आवडत, तर राहू दे" असं म्हणणारे समजूतदार पालकही ती गाळतात. स्टेजची भीती असेल तर तिच्यावर टप्प्याटप्प्याने काम करता येतं. आणि भीतीपोटी वाट बदलली, तर नव्या नोकरीतल्या पहिल्या मीटिंगमध्ये तीच भीती समोर येऊन बसते. आम्ही सहा भेटी त्यात घालवल्या. आधी माझ्यासमोर एक ओळ, मग खोलीचं दार उघडं ठेवून, मग पाच मैत्रिणींसमोर पूर्ण गाणं. धडधड ओसरली. तेव्हा मी विचारलं, "समज, उद्या सकाळी भीती साफ गेली. परवा कार्यक्रम आहे. जाशील?"

बराच वेळ ती नखाने खुर्चीचा हात खरवडत राहिली.

"जाईन. एकदा. जमतं हे दाखवायला. मग परत नाही जाणार."

या उत्तरावर मी विश्वास ठेवला. भीती गेल्यावरही नको वाटतं, ते खरंच नको असतं. तिला मी पियानोवादक ग्लेन गूल्डचं उदाहरण दिलं. त्याने १९६४ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना जाहीर मैफली बंद केल्या आणि १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपलं वादन स्टुडिओतच केलं. मुक्ता फटकन म्हणाली, "पण तो वाजवत तर होता ना." हेही खरं. मग जॉर्ज मार्टिन सांगितला: ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य शिकलेला वादक, १९५० मध्ये ईएमआय कंपनीत नोकरीला लागला, आणि जग त्याला ओळखतं ते बीटल्स या बँडच्या रेकॉर्डिंगचा निर्माता म्हणून. यावर ती काही बोलली नाही, फक्त वहीत नाव लिहून घेतलं.

पुढच्या भेटीसाठी गृहपाठ दिला. तुझ्या आवडीचं कुठलंही एक गाणं घे, आणि सुचल्यापासून ऐकणाऱ्याच्या कानात पडेपर्यंत त्याला कुणाकुणाचा हात लागला ते लिहून आण. पहिल्या यादीत नऊ जण होते: कवी, संगीतकार, गायक, वादक, रेकॉर्डिंगवाला, असे. मी म्हटलं, अजून. आठवड्याने ती ३४ कामं लिहून आली. वाद्यमेळाची आखणी करणारा अरेंजर. स्वरलिपीच्या प्रती काढणारा. सगळे आवाज एकत्र जुळवणारा, म्हणजे मिक्सिंग करणारा वेगळा, त्यावर शेवटचा हात फिरवणारा, म्हणजे मास्टरिंग करणारा वेगळा. कोणतं गाणं, कोणता कलाकार घ्यायचा ते हेरणारा कंपनीचा माणूस. चित्रपटात आणि जाहिरातीत गाणं बसवण्याचे परवाने मिळवणारा. दौऱ्याचा मॅनेजर. श्रोत्यांसाठी ध्वनी सांभाळणारा एक आणि स्टेजवरच्या कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून झटणारा दुसरा. वाद्यं दुरुस्त करणारा. वाद्यवृंदाचा ग्रंथपाल, जो व्हायोलिनवाल्यांच्या प्रत्येक प्रतीवर गज खाली की वर याच्या खुणा पेन्सिलीने करत बसतो. (हे काम मला स्वतःला फार आवडलं असतं.)

ती यादी तिने फोनमधल्या स्प्रेडशीटमध्ये केली होती. मला दाखवताना बोट घसरलं आणि बाजूची दुसरीच शीट उघडली. रकाने, रंग, टक्के. "हे काय?"

"काही नाही, आमच्या ग्रुपचं." चार मित्रांनी मिळून सहा गाणी केली होती. कुणी शब्द लिहिले, कुणी चाल बांधली, कुणी फक्त वाजवलं आणि कुणाचा वाटा किती टक्के, हे सगळं तिथे होतं. शिवाय प्रत्येक रेकॉर्डिंगसमोर अक्षरं-आकडे मिळून १२ खुणांचा एक कोड. तो आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळखक्रमांक. आणि खाली चौघांच्या सह्यांचे फोटो.

"हे कुणी करायला सांगितलं?"

"कुणी नाही. ते भांडले असते. मी म्हटलं, सह्या झाल्याशिवाय एकही गाणं अपलोड होणार नाही."

तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा लागला. व्यवसायात या कागदाला स्प्लिट शीट म्हणतात, आणि भलेभले कलाकार तो करायचा टाळतात, कारण मैत्रीत पैशाचं बोलणं अवघड वाटतं. ही मुलगी ते सहज करून बसली होती आणि तिला ते कामही वाटत नव्हतं. माझ्या अनुभवात माणसाचं काम बरेचदा असंच बाजूच्या शीटमध्ये सापडतं.

त्यानंतरच्या भेटीला आईला मुद्दाम बोलावलं, कारण "संगीतात नोकरी" म्हणजे काय ते तिला दिसत नव्हतं. एक गोष्ट सांगितली. १८४७ साली पॅरिसमधल्या एका कॅफेत एर्नेस्ट बुर्जे नावाचा रचनाकार मित्रांसोबत बसला होता. तिथे त्यांचीच गाणी चालू होती. बिल आल्यावर त्याने पैसे द्यायला नकार दिला. तुम्ही माझं गाणं फुकट वाजवता, तर मी तुमचं पेय फुकट पितो! प्रकरण कोर्टात गेलं, निकाल रचनाकारांच्या बाजूने लागला आणि १८५१ मध्ये सासेम ही संस्था उभी राहिली. जिथे जिथे गाणं वाजेल तिथून पैसे गोळा करायचे आणि ज्याचे त्याला पोचवायचे, हे तिचं काम. आज अशा संस्था देशोदेशी आहेत आणि सिसॅक हा त्यांचा १९२६ पासूनचा जागतिक महासंघ आहे.

मग कागदावर दोन चौकोन काढले. एक गाणं, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा, त्या गाण्याचं एक विशिष्ट ध्वनिमुद्रण. दोन्हींचे हक्क वेगळे. पहिल्यावर कवी आणि संगीतकारांचा हक्क, त्यांच्या वतीने व्यवहार पाहणारे प्रकाशक आणि वसुली संस्था. दुसऱ्यावर बहुधा रेकॉर्ड कंपनीचा; युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या त्यातल्या तीन बड्या, बाकी असंख्य लहान. गाणी ऑनलाइन दुकानांत आणि स्ट्रीमिंगवर पोचवणारे वितरक आणखी वेगळे. एकच गाणं दहा जणांनी गायलं, तर पहिला चौकोन एक आणि दुसरे दहा. यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी बसून नोंदी जुळवत असतं, कारण नावाचं स्पेलिंग चुकलं तरी पैसे अडकून पडतात.

आईची पर्स प्रथमच टेबलावर आली. "अहो, म्हणजे हे आमच्यासारखंच झालं की. खाती जुळवायची."

"हो. फक्त ज्याचं खातं आहे, त्याची चाल कुठली आणि नुसतं वाजवलेलं काय, हे कानाला कळावं लागतं."

मुक्ता खाली बघून हसत होती. चौदा वर्षं वाया जाण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. म्हणजे तिच्याकडून तरी.

सगळं गोड नव्हतं. सुरुवातीच्या जागा थोड्या, बऱ्याच कंत्राटी, आणि "अनुभव मिळेल" या बोलीवर फुकट राबवून घेणारे पुष्कळ. दोन गोष्टी मी तिला बजावल्या. तुला काम देण्यासाठी कुणी तुझ्याकडेच पैसे मागितले, तर तिथून उठायचं. आणि फुकट काम करायचंच तर मुदत आधी ठरवायची, तीही लेखी. कराराचा कागद सही करण्याआधी वकिलाला दाखवायचा, हे कलाकारांना सांगते तेच तिलाही सांगितलं. महिनाभर ती एका ध्वनिसंयोजकाबरोबरही फिरली, मोह होताच. रात्री दोनला केबल गुंडाळणं तिला चाललं, कानाचं चाललं नाही. १०० डेसिबलला दिवसाकाठी पंधरा मिनिटंच सुरक्षित धरतात, हे वाचल्यावर ती कानात बोळे घालून उभी राहायची. "मी आनंदाने ऐकत नाहीये," म्हणाली, आणि ती वाट तिथेच संपली.

खरं जड गेलं ते वेगळंच. आवाज असलेल्या मुलीने ऑफिसात जायचं ठरवलं, की घरात कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरते. आईने मनात एक गायिका वाढवली होती आणि तिला निरोप द्यायची वेळ आली होती. दोन भेटी मी फक्त आईबरोबर घेतल्या. पहिलीत ती जवळजवळ पूर्ण वेळ रडली. दुसरीत म्हणाली, "पण नातेवाइकांना काय सांगू? काय करते म्हणून सांगू?" मला त्यावर चांगलं उत्तर सुचलं नाही. मुक्तालाही नाही.

एका वितरक कंपनीच्या रॉयल्टी विभागात तिला वर्षभराचं कंत्राट मिळालं. मध्यंतरी फोन आला होता.

"मॅडम, आज एका गाण्याची बेरीज १३३ आली. दोघांनी पन्नास-पन्नास टक्के लावलेत आणि तिसरा म्हणतो माझे तेहतीस. पैसे थांबलेत. दोन दिवस तिघांशी बोलतेय, तिघंही माझ्यावर चिडलेत."

"मग?"

"मग काय, सही करतील. मी आहे ना." मागे कुणाचा तरी रेडिओ चालू होता. "गाणं पण वाईट आहे हो. पण बेरीज चुकलीय."

"आणि तू? गातेस?"

"घरी. दार लावून. आई बाहेर उभी राहून ऐकते, मला माहीत आहे." मग म्हणाली, नातेवाइकांना आई आता एवढंच सांगते, "गाण्यात आहे ती." पुढचं कुणी विचारलं तर चहा टाकायला उठते.